गावफेरीचा धडा : ग्योटिंगेन



या वेळचा आपला विषय आहे ‘जुने शहर कसे पाहावे’. जर्मनीतल्या अनेक जुन्या शहरांत गाईडबरोबर पायी फेरी मारता येते. तिला इथे ‘श्टाटफ्युरुंग’ म्हणतात. आपण तिला गावफेरी म्हणू. उदाहरणासाठी आपण ग्योटिंगेन घेतले आहे. हेच शहर का निवडले, ते पुढे कळेल.

आधी थोडे शब्द पाहू. ‘टोर’ म्हणजे वेस. ‘वाल’ म्हणजे तट. ‘मार्क्ट’ म्हणजे बाजारचौक. ‘राटहाउस’ म्हणजे नगरपालिकेची इमारत. ‘फाखवेर्क’ म्हणजे लाकडाचा सांगाडा उभा करून मधल्या जागा माती-विटांनी भरलेले घर. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही लाकडाचे खांब आणि तुळया असतात. आजी-आजोबा इकडे आले की त्यांना ही घरे जरूर दाखवा.

पहिला थांबा : बाजारचौक

जुन्या राटहाउससमोर एक कारंजे आहे. त्यावर हंस राखणाऱ्या मुलीचा पुतळा आहे. तिचे नाव गेन्झेलीझल. हे कारंजे १९०१ सालचे. इथे ज्यांना डॉक्टरेट मिळते, ते वर चढून तिचा पापा घेतात. १९२६ साली पोलिसांनी त्याला बंदी घातली, तरी प्रथा चालूच राहिली. मूळ पुतळा आता शहराच्या संग्रहालयात आहे. चौकात दिसते ती त्याची प्रतिकृती.

दुसरा थांबा : योहानिस चर्च

गणितज्ञ गाउस आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांनी १८३३ साली या चर्चच्या मनोऱ्यावरून तार नेली. वेधशाळा आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये तिच्यावरून संदेश जात. गाउस आले होते ब्राउनश्वाइगहून आणि वेबर विटेनबेर्गहून. म्हणजे शहराचे नाव मोठे करणारे हे दोघेही बाहेरून आलेले होते.

तिसरा थांबा : घरांवरच्या पाट्या

या शहरात घराघरांवर नावांच्या पाट्या आहेत. तो माणूस या गावात कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत राहिला, तेही त्यांवर बहुधा लिहिलेले असते. आपण नाव वाचतो आणि पुढे जातो. पण खरी गोष्ट पुष्कळदा दुसऱ्या सालात असते. हा माणूस त्या साली का गेला, असे गाईडला विचारा.

लाल टोपीवालीची गोष्ट आपल्याला सांगणारे ग्रिम बंधू इथे प्राध्यापक होते. १८३७ साली हानोफरच्या राजाने राज्यघटना रद्द केली. सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. त्यात दोघे ग्रिम होते. सातही जणांची नोकरी गेली आणि तिघांना तर तीन दिवसांत राज्य सोडावे लागले. त्या तिघांत याकोब ग्रिम होते.

पुढे १९३३ साल येते. एमी न्योटर, माक्स बोर्न, रिखार्ड कुरांट हे ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठातून काढले गेले. बोर्न १९३५-३६ मध्ये काही महिने बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्याकडे होते. १९५४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ग्योटिंगेनची खुर्ची सोडून त्यांना एकवीस वर्षे झाली होती. इथले सिनेगॉग ९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जाळण्यात आले. तिथे आता स्मारक आहे. फेरीत ते नसेल, तर फेरी संपल्यावर आपले आपण तिथे जावे.

आपला धागा

आता हेच शहर का, ते सांगतो. फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन विद्वान १८६६ ते १८८१ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. शिकवता शिकवता ते स्वतः पुण्याच्या शास्त्रीमंडळींकडे व्याकरण शिकले. पतंजलीच्या ‘महाभाष्या’ची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती तीन खंडांत मुंबईहून निघाली. १८८२ साली ते ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले आणि १९०८ साली इथेच वारले. डेक्कन कॉलेजात त्यांच्या जागी आले मालवणचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर. १८८५ साली याच ग्योटिंगेन विद्यापीठाने भांडारकरांना डॉक्टरेट देऊन त्यांचा गौरव केला. भांडारकरांचे जन्मसाल १८३७. म्हणजे ज्या साली विद्यापीठाने सात माणसे गमावली, त्याच साली ते जन्मले.

पुण्याने एका परदेशी माणसाला शिकू दिले, म्हणून तो ग्योटिंगेनला शिकवू शकला. १८३७ आणि १९३३ साली ग्योटिंगेनने आपलीच माणसे घालवली, तेव्हा ती माणसे दुसऱ्या गावांची झाली. शहराच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी येतात. गाईडने एकच सांगितली, तर दुसरी आपण विचारावी.

स्वाध्याय

१. वेस, तट, चौक, कारंजे, वाडा हे शब्द वापरून पाच वाक्ये लिहा.

२. तुमच्या गावातली एक पाटी शोधा. तो माणूस कुठून आला आणि का गेला, ते चार ओळींत लिहा.

३. कीलहॉर्न यांच्याविषयी गाईडला विचारायचा एक प्रश्न जर्मनमध्ये तयार करा. गाईडला उत्तर माहीत नसेल, तर ते तुम्ही त्याला सांगा.

४. (पालकांसह) आपल्या घरासाठी पाटी तयार करा. नाव, कोणत्या गावाहून आलो आणि कोणत्या साली, एवढे लिहा. दुसऱ्या सालाची जागा मोकळी ठेवा.