गवती चहा आणि सोन्याचे त्रिकोण

सोने म्हटले की त्याचा पिवळा, झळझळीत रंग डोळ्यांपुढे उभा राहतो. सोनाराच्या हाती त्याची तार होते, पत्रा होतो. वर्ख तर इतका पातळ निघतो की फुंकरीसरशी उडून जावा. तरी त्याचा पिवळेपणा काही सुटत नाही. त्यामुळे पिवळा रंग हा सोन्याचा अंगचाच गुण होय, असे कोणालाही वाटावे. परंतु सोन्याचे कण बारीक होत होत एका मर्यादेखाली गेले, की हा रंग पालटतो. आणि मग कण केवढा आहे व कोणत्या घडणीचा आहे, यावर तो अवलंबून राहू लागतो.

इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे याने १८५७ साली ही गोष्ट जगापुढे मांडली. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया घडवून त्याने माणकासारखा तांबडा द्रव तयार केला. त्या द्रवात सोनेच आहे, मात्र त्याचे कण डोळ्यांना दिसू नयेत इतके सूक्ष्म आहेत, हे त्याने ओळखले. हाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नसताना केलेले हे अनुमान अचूक ठरले. त्याने भरलेल्या काही कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत.

असे कण मोजण्यास नॅनोमीटर हे माप वापरतात. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांपैकी एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. याउलट १५ नॅनोमीटरच्या सुवर्णकणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोन्याचे जेमतेम पन्नास अणू ओळीने मावतात.

रंग पालटतो तो कसा? धातूमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाची लहर आली की ते कणाच्या आतल्या आत झोपाळ्याप्रमाणे मागेपुढे झुलू लागतात. लांब दोरीचा झोपाळा संथ झुलतो, आखूड दोरीचा चपळपणे झुलतो, हे मुलांना ठाऊकच असते. लहान गोल कणात इलेक्ट्रॉनांचे झुलणे हिरव्या प्रकाशाशी जुळते. तो प्रकाश शोषला जातो आणि उरलेला तांबडा दिसतो. तोच कण पसरट त्रिकोणी असला, तर झुलण्यास लांबी अधिक मिळते. मग त्याचा मेळ तांबड्याच्या पलीकडील, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांशी बसतो. धातू तोच, केवळ घडण बदलली. आणि तिच्याबरोबर गुणही बदलला.

म्हणूनच हवी ती घडण आणि हवे ते आकारमान देणे, हा या शास्त्रातील मोठा प्रश्न आहे. तेथे सोनाराचा चिमटा किंवा हातोडी पोहोचत नाही. कण आपोआप वाढतात. माणसाने वाढीची परिस्थिती तेवढी बदलावी.

पुण्यास पाषाण येथे १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे डॉ. मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनी या कामी एक घरगुती वनस्पती घेतली. ती म्हणजे परसात वाढणारा, पावसाळ्यात चहात टाकला जाणारा गवती चहा. त्याची पाती धुऊन, चिरून त्यांनी पाण्यात उकळली. गाळलेला अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळून ते मिश्रण नुसते ठेवून दिले. भट्टी नाही, की तीव्र रसायने नाहीत. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यात सोन्याच्या पातळ, सपाट, त्रिकोणी चकत्या दिसून आल्या. हे संशोधन २००४ साली ‘नेचर मटेरिअल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

हे त्रिकोण एकदम जन्मत नाहीत. अर्कातील द्रव्ये क्षारातील सोने मोकळे करतात, तेव्हा आधी बारीक गोल कण होतात. त्यांचा पृष्ठभाग द्रवासारखा मऊ असल्याने ते एकमेकांस भिडतात, एकजीव होतात आणि त्यांतून सरळ कडांचा स्फटिक घडतो, असे या संशोधकांचे निरीक्षण आहे.

पुढील वर्षी त्यांनी अर्काचे प्रमाण बदलून पाहिले. अर्क जास्त घातला की त्रिकोण लहान होत, आणि गोल कणांचे प्रमाण वाढे. अर्क हेच जणू त्यांच्या हातातील माप झाले. या त्रिकोणांचा लेप काचेवर देऊन तो अवरक्त किरण शोषतो, असेही त्यांनी दाखविले. सूर्यापासून येणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ अर्धा भाग याच अदृश्य किरणांचा असतो. नवी मुंबईत वाशी, बेलापूर या भागांत काचेच्या भिंतींच्या इमारती आहेत. वैशाखातील उन्हात अशा इमारतींत उजेड यावा पण उष्णता कमी यावी, ही गरज तेथे काम करणाऱ्यांना कोणी समजावून सांगावयास नको.

तथापि अडचणीही आहेत. सगळेच कण त्रिकोणी होत नाहीत. गोल कण निराळे काढावे लागतात. शिवाय गवती चहाच्या पातीत एक ना दोन, अनेक द्रव्ये असतात, आणि जमीन व हंगाम यांनुसार त्यांचे प्रमाण कमीजास्त होते. कोकणातल्या पावसात वाढलेली पात आणि देशावरच्या कोरड्या हवेत वाढलेली पात यांचा अर्क तंतोतंत सारखा निघेल, याचा भरवसा धरता येत नाही. प्रत्येक वेळी तेवढेच मोठे आणि तशाच घडणीचे त्रिकोण हवे असतील, तर आधी पातीचीच नीट पारख करावी लागते.