रोज लिहा, पण हक्क सोडू नका

एका दैनिकात मी सदर लिहायचे. पान चार, डावीकडे, अडीचशे शब्द, रोज. घरात लग्न असो की कुणी दवाखान्यात, पहाटे उठून लिहायचं आणि दुपारी बाराच्या आत मजकूर डेस्कवर पोचवायचा. मानधनाचा विषय काढला की संपादक म्हणायचे, "ताई, नाव होतंय की!"

दिवाळीत भाचीनं त्याच दैनिकाचं नवं पुस्तक भेट आणलं. सहज मधलं पान उघडलं तर माझ्या सदरातला कल्हईवाला! नवसागराचा धूर, तापल्या भांड्यात फिरणारा कापसाचा बोळा, आईच्या पातेल्याला पडलेला पोचासुद्धा जागच्या जागी. पुढची पानंही माझीच. नाव मात्र कुठेच नाही. मुखपृष्ठ पाहिलं, मलपृष्ठ पाहिलं, प्रस्तावना दोनदा वाचली. 'संकलन : संपादक मंडळ', बस्स. हातपाय गार पडले. फोन केला तर संपादकसाहेब म्हणाले, "पान आमचं, छपाई आमची, मग मजकूर कुणाचा?" वर 'एवढं मनाला लावून घेऊ नका' हा सल्ला. पुढच्या आठवड्यात सदर बंद. कळवलंही नाही, त्या जागी क्लासची जाहिरात.

मजकूर माझाच होता आणि आहे. पगारी नोकरीत नसलेल्या लेखकाचा लेख छापला म्हणून तो दैनिकाच्या मालकीचा होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 वाचा : हक्क द्यायचे तर लेखी, सहीनिशी. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षांपुरतेच. हक्क देऊन टाकले तरी लेखक म्हणून आपलं नाव मागण्याचा अधिकार कलम 57 नं राखलेला आहे. त्यासाठी नोंदणीही लागत नाही. म्हणून पहिला लेख धाडतानाच ईमेलमध्ये लिहा : 'फक्त दैनिकात एकदा छापण्यासाठी, पुस्तकाचे हक्क माझ्याकडे.' संपादक कितीही घरोब्याचा असो. घरोब्याच्या माणसाला तर आधी लिहा.

कात्रणं तारखेसह ठेवा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत असाल तर मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या. माझ्या जुन्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडल्या तेव्हा पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली आणि पुरावा जुळवताना नाकी नऊ आले.

या सगळ्यापेक्षा जिव्हारी लागलं ते वेगळंच. सदर गेल्यावर पहाटे जाग यायची, पण हात चालेना. बारा वाजता मागणारं कुणी नव्हतं. इतक्या वर्षांची माझी सवय त्या माणसानं सोबत नेली होती. रोज लिहिणाऱ्यांनी छापायच्या मजकुराआधी चार ओळी अशा लिहाव्यात, ज्या कुणालाच द्यायच्या नाहीत. वेगळी वही, शक्यतो हातानं. मी आता तेच करते, आणि हात पुन्हा चालायला लागलाय.

पुस्तकाबद्दल माझ्या वकिलाची नोटीस गेल्यावर साहेबांचा सूर बदलला. दुसऱ्या आवृत्तीत नाव घालू म्हणाले. मी कळवलंय : नाव पहिल्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रतींवरही हवं, आणि मानधनाचा हिशेब लेखी हवा. उत्तर आलेलं नाही. दुसरी नोटीस तयार आहे.