रंग काढ, लाकूड नको

बाबू, १ जूनला मासेमारी बंद झाली की ३१ जुलैपर्यंत होडी वाळूवर शाकारलेली. ६१ दिवस हातात आहेत म्हणून सगळे निवांत असतात. पण पहिलं काम होडी वर ओढली त्याच दिवशीचं. तळाला धरलेलं शेवाळ आणि शिंपले ओले आहेत तोवरच खरवडून घे. एकदा वाळले की दगडासारखे बसतात आणि निघताना लाकडाचा कपचा घेऊन येतात.

रंगावर मात्र लगेच तुटून पडू नकोस. आधी त्याची परीक्षा घे. ब्लेडने उभ्या-आडव्या चार-पाच रेघा मारून चौकटी पाड, वर चिकटपट्टी दाब आणि झटक्यात ओढ. चौकटी पट्टीबरोबर आल्या, तर तिथला रंग पुरा काढायचा. नाही आल्या, तर नुसती हलकी घासणी दे आणि वर नवा हात मार. मी एकदा नाळेवर नखाएवढी जागा उघडी केली होती. वर निळा, खाली हिरवा, मग पांढरा, आणि तळाशी आजोबांच्या हातचा शेंदरी. तो अजून फळीला धरून होता, म्हणून मी तो राहू दिला.

शेंदूर म्हणजे शिसं, हे ध्यानात ठेव. जुन्या रंगात शिसं, आणि शिंपले धरू नयेत म्हणून लावतात त्या तळाच्या रंगात तांबं. त्यामुळे कोरडं घासायचं नाही. पाण्याचा पॉलिश पेपर घे, ओला करून घास. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्कच लाव. खाली ताडपत्री अंथर. खरपुड्या पोत्यात भर, शेकोटीत टाकू नकोस. वाळूत सांडल्या तर भरतीला खाडीत जातील, आणि कालवं आपण तिथलीच खातो.

खरवडायच्या पत्र्याचे दोन्ही कोपरे कानशीने गोल करून घे. धार वरचेवर लाव. बोथट पत्र्याला जोर लागतो, आणि जोर लावला की हात घसरतो. ओढ नेहमी फळीच्या रेषेने, आडवी नको. सांध्यापाशी हात आवर, नाहीतर कलाफतीचा कापूस उपसून येईल.

तरुणपणी मी घाईने ब्लो लॅम्प फिरवला होता. एक फळी काळी पडली, सांध्यातली राळ वितळली आणि दोन दिवस खोकत बसलो. शिशाच्या किंवा तळाच्या रंगाला आच दाखवायचीच नाही. ग्राइंडरचंही तेच. एका क्षणात असा खड्डा पाडतो की लांबी भरून भरून दमशील.

शेजारच्यांची होडी फायबरची आहे. तिच्यावरचा चकचकीत थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे पत्रा नको, आचही नको. फायबरला चालेल असं लिहिलेला रिमूव्हरच घ्यायला सांग, आणि तोही आधी कोपऱ्यात लावून बघू दे.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहण्याआधी डोळे मिटून तळावरून तळहात फिरव. हाताला खड्डा लागला, तर तो समुद्राने पाडलेला नसेल, तुझ्या पत्र्याने पाडलेला असेल. रंग दरवर्षी बाजारात मिळतो. आजोबांनी घातलेली फळी मिळत नाही.