आधी कोणता मार्ग?

आपल्या वाडीपासून थोड्याच अंतरावर प्रतापनगरचे रेल्वे-स्थानक आहे. त्याचे जुने नाव गोयागेट. तेथे गाडीत बसताना, हा रूळ येथूनच का गेला, असा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. रस्ते, रूळ आणि बसचे थांबे ही जणू नदी-डोंगरांप्रमाणे निसर्गानेच मांडून ठेवली आहेत, असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्या प्रत्येकामागे कोणी तरी, केव्हा तरी केलेली निवड असते. ती कोणी करावी, आणि करताना कोणाचे म्हणणे ऐकावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

1862 साली, खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकीर्दीत, मियागाम ते डभोई हा सुमारे 20 मैलांचा, म्हणजे 32 किलोमीटरांचा लोहमार्ग तयार झाला. हिंदुस्थानातील अरुंद मापाचा हा पहिला लोहमार्ग होय. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. रूळ इतके हलके की, इंजिनाचा भार त्यांना पेलत नसे. म्हणून आरंभी गाड्या बैल ओढीत. 1873 मध्ये भक्कम रूळ घातले गेले, आणि कालांतराने इंजिने नियमित धावू लागली. पुढे 1879 ते 1881 या काळात डभोईहून एक फाटा नर्मदाकाठच्या चांदोदला गेला, एक बहादरपूरकडे गेला आणि एक गोयागेटावरून विश्वामित्रीपर्यंत आला.

पहिला मार्ग डभोईसच का? डभोईचा मुलूख कापसाचा, आणि मियागामला मुंबईकडे जाणारा मोठा लोहमार्ग मिळत होता. निर्णय दरबाराचा होता. तो त्या काळाचा रिवाजच होता. अरुंद मार्ग बांधावयास स्वस्त पडे, हा त्याचा गुण. परंतु मोठ्या मार्गाचे माप साडेपाच फुटांचे असल्याने जोडस्थानकावर माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे, आणि उतारूंनाही गाडी बदलावी लागे. हा खोळंबा शंभराहून अधिक वर्षे चालला. डभोई-चांदोद मार्ग रुंद होऊन पुढे केवडियापर्यंत गेला, त्याचे उद्घाटन 17 जानेवारी 2021 रोजी झाले. ज्यांनी मूळ माप ठरविले, त्यांची पणतवंडेही तोवर वृद्ध झाली असतील! एकदा जमिनीवर उमटलेली निवड पिढ्यान्‌पिढ्या आपणांस वागवावी लागते. म्हणून विचारावयाचे ते रूळ पडण्यापूर्वी, कागदावर रेघ आहे तोवरच विचारले पाहिजे.

आज आपणांस विचारण्याची सोय कायद्याने केलेली आहे. गुजरातच्या 1976 च्या नगररचना आणि नगरविकास कायद्याप्रमाणे विकास-आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, आणि हरकती व सूचना पाठविण्यास नागरिकांना दोन महिन्यांची मुदत असते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात राज्याच्या परिवहन संस्थेची सेवा-योजना राजपत्रात व प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध करण्याचा नियम आहे. तीवर तीस दिवसांत आक्षेप घेता येतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या मेट्रो-धोरणानुसार मेट्रोचा प्रस्ताव करण्यापूर्वी बससारख्या अन्य पर्यायांची तुलना करावी लागते. दार उघडे आहे. प्रश्न असा की, आत जाऊन बोलावे काय?

येथे एक साधे गणित उपयोगी पडेल. समजा, नगराजवळ 12 नव्या बसगाड्यांपुरताच पैसा आहे, आणि प्रत्येक मार्गावर जाऊन-येऊन एका फेरीस 60 मिनिटे लागतात. साऱ्या गाड्या वाडी ते स्टेशन या एकाच मार्गावर सोडल्या, तर 60 भागिले 12, म्हणजे दर 5 मिनिटांनी एक बस मिळेल. थांब्यावर कोणत्याही क्षणी येणाऱ्या उतारूस सरासरी अडीच मिनिटेच थांबावे लागेल. पण आजवा रस्ता, वाघोडिया रस्ता, मकरपुरा आणि वाडी अशा चार मार्गांवर प्रत्येकी 3 गाड्या वाटल्या, तर दर मार्गावर 20 मिनिटांनी एक बस येईल, आणि सरासरी 10 मिनिटे थांबावे लागेल. पहिल्या योजनेत एका भागाची उत्तम सोय, दुसऱ्या योजनेत चारही भागांची बेताची. यांतील योग्य कोणती?

याचे उत्तर गणितात नाही. पुलाचे लोखंड किती जाड असावे, हे हात वर करून ठरवावयाचे नसते; ते काम अभियंत्याचे. परंतु पुष्कळांची मोठी सोय आधी पाहावी, की थोड्यांची निकडीची गरज, हा प्रश्न न्यायाचा आहे, आणि त्यात सर्वांना बोलण्याचा हक्क आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने 2015 साली आपले सारे बस-मार्ग नव्याने आखले, तेव्हा हाच प्रश्न प्रथम सोडविला. सुमारे 80 टक्के सेवा जेथे अधिक उतारू मिळतील तेथे, आणि सुमारे 20 टक्के सेवा जेथे उतारू थोडे पण बसवाचून गती नाही तेथे, असे प्रमाण आधी ठरले; नकाशा मागाहून झाला. हेच प्रमाण आपणांस लागू पडेल असे नव्हे. आधी हेतू आणि मग रेघ, हा क्रम मात्र घेण्याजोगा आहे.

आणखी एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सूचना मागविल्या म्हणजे सर्वांचे मत कळले, असे होत नाही. सभेस येतो तो फुरसत असलेला मनुष्य. मोबाइलवरील प्रश्नावली भरतो तो मोबाइल हाती असलेला. रात्रपाळी संपवून मकरपुऱ्याहून परतणारा कामगार, चार घरची कामे उरकणारी बाई, सयाजी रुग्णालयात तपासणीस जाणारी आजी, आणि संध्याकाळी परतण्यास बस नाही म्हणून दूरच्या महाविद्यालयाचा नाद सोडणारी मुलगी, ही माणसे सभेत दिसत नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ ‘गरज नाही’ असा घेतला, तर ज्यांना वाहनाची सर्वांत अधिक निकड, तेच यादीच्या तळाशी राहतात. ज्याच्या दारात स्वतःची गाडी उभी आहे, त्याचा आवाज मोठा, आणि जो थांब्यावर उभा आहे, त्याचा कानावरही येत नाही, अशी स्थिती होऊ नये.

मग बोलावे कसे? “आमच्या भागास बस द्या” ही मागणी झाली. ती प्रत्येक भागाची असते, म्हणून तिने निवडीस मदत होत नाही. “आमच्या गल्लीतील नऊजणी सकाळी सात वाजता रुग्णालयाकडे कामास जातात, आणि पहिली बस साडेसातला आहे” ही माहिती झाली. असे एक वाक्य पन्नास सह्यांच्या अर्जाहून अधिक काम करू शकते. अधिकाऱ्यांच्या पक्षीही एक कर्तव्य उरते. कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाही, आणि का नाही, हे त्यांनी लोकांस परत सांगितले पाहिजे. आपले नाकारले गेले याचे माणसास तितके वाईट वाटत नाही. ऐकलेच गेले नाही, याचे वाटते, आणि पुढच्या खेपेस तो येतच नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस अद्याप मत नाही, पण वही-पेन्सिल आहे. येत्या सुट्टीत आपल्या घरी व शेजारच्या चार घरी पुढील प्रश्न विचारा व उत्तरे लिहून ठेवा.

1. तुम्ही रोज कोठे, किती वाजता आणि कशाने जाता?
2. थांब्यावर किती वेळ जातो, आणि भाड्यास महिन्याकाठी किती पडते?
3. वाहन नाही म्हणून कोठे जाणे सोडून दिले?
4. एकच सुधारणा व्हावयाची असेल, तर आधी कोणती? तीसाठी तुम्ही कशावाचून राहाल?

तिसरा प्रश्न विसरू नका. गाडीतील उतारू तिकिटांवरून मोजता येतात. जो निघालाच नाही, त्याची नोंद कोणत्याही कचेरीत नसते. ती तुमच्या वहीत होऊ द्या. पुढे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होऊन सूचनांची मुदत सुरू होईल, तेव्हा ती वही घेऊन वडीलमंडळींसह जा. डभोईचा पहिला रूळ कोणास न विचारता पडला. पुढचा मार्ग आखताना वाडीच्या मुलांनी लिहिलेले एक पान त्या मेजावर असावे, एवढीच आमची इच्छा आहे.