एक खेळ, अनेक हात



पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर पालकसभा झाली, तेव्हा नववीतल्या एका मुलीची आई तिची गणिताची वही घेऊन माझ्याकडे आली. वहीची पुढची पाने उदाहरणांनी भरलेली होती आणि मागची पंधरा-वीस पाने चित्रांनी. "बाई, हिला जरा तुम्हीच समजवा," आई म्हणाली. "म्हणते, मी गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रं काढणार. चित्रं काढून पोट भरतं का?" मुलगी खाली मान घालून उभी होती. हे खूळ कुठून आले असे विचारल्यावर तिने 'न्यू गेम' या जपानी कार्टून मालिकेचे नाव सांगितले.

मी संगणक शिकवते, पण ही मालिका मला माहीत नव्हती. न पाहताच तिला वाईट म्हणणे बरे नव्हे, म्हणून मी आईकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. मालिका पाहिली, थोडे वाचन केले. त्या आईला जे उत्तर दिले, तेच इथे सर्वांसाठी लिहीत आहे.

मालिका काय सांगते?

'न्यू गेम' ही मूळची चित्रकथा. शोतारो तोकुनो यांची ही चित्रकथा २०१३ ते २०२१ या काळात जपानी मासिकात क्रमशः आली. तिच्यावरून २०१६ आणि २०१७ मध्ये प्रत्येकी १२ भागांच्या दोन मालिका निघाल्या. आओबा सुझुकाझे ही अठरा वर्षांची मुलगी शाळा संपताच 'ईगल जंप' नावाच्या (काल्पनिक) गेम कंपनीत नोकरीला लागते. लहानपणी जो खेळ तिला वेड लावून गेला, त्यातली पात्रे रेखाटणारी को यागामी हीच तिची वरिष्ठ निघते.

आओबाला पहिल्या दिवशी मोठे काम मिळत नाही. आधी पुस्तक वाचून संगणकावर आकृती घडवायला शिकायचे, मग खेळातल्या गावातला एखादा साधा माणूस तयार करायचा. तोही पहिल्या झटक्यात पसंत होत नाही. परत पाठवला जातो, पुन्हा दुरुस्त होतो. पुढे दुसऱ्या मालिकेत नव्या खेळाच्या जाहिरातीचे मुख्य चित्र कोणी काढायचे हा प्रश्न येतो. पात्रे आओबाच्या कल्पनेतून आलेली असतात, पण नावाजलेल्या यागामीचे चित्र खपाला उपयोगी पडेल असे वरून ठरते. आओबा रडते, पण माघार घेत नाही. "निदान स्पर्धा तरी होऊ द्या," असा आग्रह धरते, जीव ओतून चित्र काढते आणि हरते. यागामीचे चित्र खरोखरच सरस आहे हे तिला स्वतःलाही दिसते. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटला. आपल्याहून चांगले काम डोळ्यांसमोर पाहणे आणि तरीही दुसऱ्या दिवशी कामावर जाणे, हेही शिक्षणच आहे.

खेळ कसा तयार होतो?

मुलांना वाटते की कोणी एक हुशार माणूस बसतो आणि गेम बनवतो. प्रत्यक्षात ती नाटक मंडळीसारखी गोष्ट आहे. कोणी कथा आणि खेळाचे नियम ठरवतो. कोणी पात्रांची चित्रे काढतो. कागदावरचे ते चित्र पाहून कोणी संगणकात त्याची आकृती घडवतो. ही आकृती म्हणजे शेकडो, हजारो छोट्या त्रिकोणांचे जाळे असते. प्रत्येक त्रिकोणाचे कोपरे कुठे आहेत हे तीन अक्षांवरच्या अंकांनी सांगितलेले असते. नववीत आपण निर्देशक भूमिती शिकतो, ती इथे उपयोगी पडते. मग त्या आकृतीत हाडांचा सांगाडा बसवतात, म्हणजे हात कोपरातच वाकतो, भलतीकडे नाही. पुढे हालचाल देणारा येतो. माणूस उडी मारण्याआधी गुडघे वाकवतो हे ज्याने नीट पाहिलेले नाही, त्याची उडी खोटी दिसते.

आता वेळेचा हिशेब पाहा. सिनेमात दर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. हाताने काढलेल्या जपानी मालिकांत एकच चित्र दोन-तीन वेळा वापरतात, त्यामुळे सेकंदाला ८ ते १२ नवी चित्रे पुरतात. गेममध्ये मात्र पुढचे चित्र आधी काढून ठेवता येत नाही, कारण खेळणारा कोणते बटण दाबेल हे कोणाला ठाऊक? संगणकाला ते त्या क्षणी रचावे लागते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सगळी गणिते व्हायला हवीत. हे काम प्रोग्रॅमरचे. मालिकेत ते उमिको आहागोन सांभाळते.

शेवटी येते तपासणी. आओबाची मैत्रीण नेने आधी अर्धवेळ चुका शोधायलाच कंपनीत येते. तोच दरवाजा शंभर वेळा उघडायचा, भिंतीवर मुद्दाम आपटायचे आणि कुठे बिघडते ते नीट भाषेत लिहून द्यायचे. निबंधात मुद्देसूद लिहिण्याची सवय इथे कामी येते. चित्रकला, भूमिती, भाषा, संगीत, सगळे विषय एका कामात कसे गुंफले जातात हे यावरून कळते.

पुण्याची राजी

"हे सारे जपानात. आपल्याकडे काय?" असा प्रश्न पालक विचारतील. उत्तर पुण्यात आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्याच्या छोट्या कंपनीने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ तयार केला. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला ती निघते. तिची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडत जाते. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक श्रुती घोष याच खेळाच्या कला दिग्दर्शिका आहेत. राजस्थानातले किल्ले, पहाडी लघुचित्रांचे रंग आणि सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ यांतून त्या खेळाचे रूप घडले आहे.

हे यश सहज आले नाही. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा कंपनीचा प्रयत्न फसला. तरी काम थांबले नाही. २०२० मध्ये खेळ जगभर प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी 'द गेम ॲवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. पारितोषिक दुसऱ्या खेळाला गेले. २०२२ मध्ये हिंदी आवाजांसह सुधारित आवृत्ती आली.

आपल्या बडोद्याचा धागा

मुलांनो, चित्र हलवण्याच्या विद्येशी आपल्या गावाचे नाते जुने आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र यावे आणि शास्त्र शिकणाऱ्याचे हात चालावेत, हा त्यामागचा विचार. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातून याच कलाभवनात शिकायला आले होते. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट केला. त्यात आगपेटीतल्या काड्या एकेक जागा बदलून हलवल्या होत्या. आजच्या ॲनिमेशनचे मूळ तत्त्व तेच.

पण फाळके यांच्या यशात आणखी एक जोडी हात होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने दिले, मंडळींचा स्वयंपाक सांभाळला आणि शिवाय फिल्मला भोके पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे ही कामेही शिकून केली. म्हणजे त्या तंत्रज्ञच होत्या. तरीही अनेक वर्षे त्यांचा उल्लेख 'मदत करणारी पत्नी' एवढाच होत राहिला. आज खेळ पूर्ण झाल्यावर पडद्यावर नावांची लांब यादी सरकते आणि तीत मुलींची नावे असतात. शंभर वर्षांत पडलेला हा फरक लहान नाही. यापुढे गेम संपला की ती यादी घाईने बंद करू नका, शेवटपर्यंत वाचा.

पालकांशी थोडे स्पष्ट

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते. पोट भरते का? भरते, पण सर्वांचे नाही आणि लगेच नाही. मालिकेत कार्यालयातच झोपण्याचे प्रसंग हसत-खेळत येतात. खऱ्या आयुष्यात रात्र-रात्र जागरण ही कौतुकाची बाब नव्हे. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांतून हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. मालिकेतल्या कार्यालयात जवळजवळ सगळ्या मुलीच दिसतात, प्रत्यक्षात तसे नसते. म्हणून मुलींना एक माहिती असावी : कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ मध्ये झाला असून दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असणे बंधनकारक आहे.

आणखी एक गैरसमज. गेम म्हटले की अनेकांना पैसे लावून खेळायचे ॲप आठवते. अशा ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. गेम घडवण्याची विद्या निराळी आहे. तसेच तासन् तास गेम खेळणे म्हणजे गेम शिकणे नव्हे, हे मुलांनीही ध्यानात घ्यावे.

शिक्षणासाठी फार दूर पाहायला नको. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातली ललित कला शाखा १९५० पासून देशभरात नावाजलेली आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ॲनिमेशन शिकवतात. प्रवेश कठीण असतो, पण पाया शाळेतच घालता येतो.

मग त्या मुलीचे काय झाले?

मी आईला म्हटले, "ताई, आज हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. उत्तरायणापर्यंत हिला एक लहानसा गेम पूर्ण करू द्या. गणिताचे गुण घसरता कामा नयेत. मग बोलू." मुलीला म्हटले, "चित्रे सुंदर आहेत, पण ती एका जागी उभी आहेत. त्यांना पळव."

तिने शाळेच्या संगणकावर 'स्क्रॅच' वापरून कापलेले पतंग पकडणाऱ्या मुलाचा खेळ केला. गच्ची आमच्या मांडवीकडच्या घरांसारखी. १३ जानेवारीला आई शाळेत आली, तेव्हा मुलीने तिलाच खेळायला बसवले. पाच मिनिटांनी आई म्हणाली, "अगं, मी एकच पतंग पकडला, मग सात गुण कसे?"

चूक खरी होती. पतंग मुलाला चिकटलेला असेपर्यंत संगणक प्रत्येक चित्रागणिक एक गुण देत होता. पतंग हाती लागताच तो पडद्यावरून नाहीसा करायचा, ही एक ओळ घातली आणि खेळ बरोबर चालू लागला. मी मुलीला सांगितले, "आता शेवटी नावांची यादी घाल. तपासणी : आई." तिने ती घातली.

अजून काही ठरलेले नाही. दहावीपर्यंत गणित आणि चित्रकला दोन्ही चालू ठेवायची, एवढेच मायलेकींनी ठरवले आहे. मात्र गणिताच्या वहीत मागच्या पानांवर चित्रे काढणे बंद झाले. आईने वेगळी वही आणून दिली.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात घरच्या मोठ्यांबरोबर जा. तिथल्या भिंतींवरच्या चित्रांतून एक पात्र निवडा आणि ते समोरून, बाजूने व मागून असे तीन प्रकारे रेखाटा.
२. वहीच्या कोपऱ्यात २४ पानांवर उडणाऱ्या पतंगाची थोडी-थोडी बदलती चित्रे काढा आणि पाने भरभर उलटून पाहा.
३. सेकंदाला ३० चित्रे दाखवायची असतील तर एका चित्राला किती मिलिसेकंद मिळतील?
४. आजी-आजोबांना सोंगट्या किंवा काचापाणी यांचे नियम विचारा आणि दहा ओळींत असे लिहा की कधीही न खेळलेल्यालाही तो खेळ खेळता येईल.

उत्तरे आणि चित्रे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. चांगली चित्रे पुढील अंकात नावासह छापू.