ओळखीतून नोकरी: मागायची ती बातमी

ओळखीतून नोकरी शोधण्याची रीत मुंबईच्या गिरणगावात शंभर वर्षांपूर्वीच पुरती रुळलेली होती. रत्नागिरी किंवा साताऱ्याहून आलेला तरुण गाववाल्यांच्या खोलीत उतरे आणि त्यांच्यापैकीच कोणीतरी त्याला गिरणीतल्या जॉबरसमोर, म्हणजे मुकादमासमोर, नेऊन उभा करी. भरती जॉबरच्या हातात असल्यामुळे गैरहजर कामगाराच्या जागचे बदलीचे काम मिळवायलाही त्याची मर्जी राखावी लागे, दस्तुरी द्यावी लागे. शाही कामगार आयोगाने १९३१च्या अहवालात या लाचखोरीवर बोट ठेवले. १९३५मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद ठेवायला सुरुवात केली. या व्यवस्थेत गाववाला बातमी देई आणि जॉबर दार राखी. बातमीमुळे माणसाला शहरात पाय रोवता आले. दाराच्या राखणदारीने त्याला मिंधे केले. आजच्या नोकरीच्या शोधातही या दोन गोष्टींची गल्लत महागात पडते.

बातमी कोणाकडून येते, याचा पाया घालणारा अभ्यास अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना त्यांनी विचारले की, ज्याच्याकडून नोकरीचे कळले त्याची भेट कितीदा होत असे? १९७३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात उत्तर आले : वारंवार भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे २७.८ टक्के. नमुना लहान होता. पुढे २०२२मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, त्यातही मध्यम विरळ ओळखीच नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोगी ठरल्या. अगदीच नावापुरती ओळख मात्र तितकी कामी आली नाही. कारण समजण्यासारखे आहे. जवळची माणसे आपल्याच वर्तुळातली असतात आणि त्यांना ठाऊक असलेले बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते.

पुण्याच्या वाहनउद्योगात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या, अचानक नोकरी गेलेल्या अभियंत्याचे उदाहरण घेऊ. पहिले काही आठवडे तो कोणालाच सांगत नाही. नोकरी गेल्याची लाज या शोधात सर्वांत मोठे नुकसान करते, कारण तिच्यापायी ऐन उपयोगाचे दिवस वाया जातात. मग तो भाऊ, मेहुणा आणि शेजारच्या टेबलावरचा मित्र अशा तिघा-चौघांना बायोडेटा पाठवून ‘काही असेल तर सांगा’ म्हणतो. ते मनापासून ‘बघतो’ म्हणतात आणि खरोखर बघतातही, पण त्यांना दिसणार ते तेवढेच. दरम्यान चाकण-रांजणगावचे ज्यांच्याकडून तो वर्षानुवर्षे सुटे भाग घेत होता ते पुरवठादार, दर वर्षी येणारा ऑडिटर, दहा वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेली सहकारी, यांपैकी कोणाशीही तो बोललेला नसतो. कोणत्या कारखान्यात नवी लाइन बसते आहे, कुठला गुणवत्ता विभागप्रमुख सोडून चालला आहे, हे जाहिरातीच्या आधी कळते ते याच लोकांना.

अशा माणसाशी बोलताना थेट नोकरी मागितली तर तो अवघडतो. नोकरी देणे त्याच्या हातात नसते, मग संकोचाने तो उत्तरच टाळतो. माहिती मागितली तर मात्र बहुतेकांना बोलावेसे वाटते. पाच-सहा ओळींचा निरोप पुरे : ओळख कुठली, सध्या स्थिती काय, आणि एक नेमका प्रश्न. ‘बॅटरीच्या कामात शिरायचे तर माझ्यासारख्याने आधी काय शिकावे?’ असा प्रश्न असला तर उत्तर मिळते. सोबत न मागता बायोडेटा जोडू नये. बोलणे झाल्यावर ‘आणखी कोणाशी बोलू?’ हे जरूर विचारावे. पुढची दारे बहुधा या प्रश्नातूनच उघडतात. आठ दिवस उत्तर आले नाही तर एकदा आठवण करून द्यावी, तिसऱ्यांदा मागे लागू नये. सुचवलेले करून पाहिल्यावर काय झाले ते त्या माणसाला कळवावे. हे सौजन्य फार थोडे पाळतात.

यानंतरची पायरी रेफरलची, म्हणजे कंपनीतल्याच कर्मचाऱ्याने केलेल्या शिफारशीची. अनेक कंपन्यांत उमेदवाराने स्वतः अर्ज भरल्यावर कर्मचाऱ्याच्या शिफारशीची नोंद होत नाही, म्हणून आधी विचारून मग अर्ज करावा. शिफारस करणारा स्वतःचा शब्द टाकत असतो, तेव्हा ज्याने आपले काम पाहिले आहे त्यालाच विचारणे रास्त. रेफरलमुळे बायोडेटा वाचला जाण्याची शक्यता वाढते, इतकेच; मुलाखत आपल्यालाच द्यावी लागते.

कोणी रेफरलसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘आतून’ काम करून देण्यासाठी पैसे मागितले, की तिथेच थांबावे. मागणारा नातेवाइकाच्या ओळखीचा असला तरी थांबावे. फसवणूक बहुधा अशाच भरवशाच्या माणसाच्या हवाल्याने येते आणि हवाला देणारा अनेकदा स्वतःही फसलेला असतो. परदेशातल्या कामासाठी भरती करणारा एजंट १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत हवा. ती नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते.

ओळखींची एक अडचण मात्र या सल्ल्यांनी सुटत नाही. अर्थशास्त्रज्ञ कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी मुंबईत दादरच्या शाळांमधल्या मुलांचा अभ्यास केला. तो २००६मध्ये प्रसिद्ध झाला. जातीच्या ओळखींतून कामगारवर्गातल्या मुलांना वडिलांचीच कामे मिळत आली होती. त्या ओढीने मुलगे मराठी शाळांकडेच वळत राहिले. ज्यांना असे जाळे कधी लाभले नव्हते त्या मुली मात्र वेगाने इंग्रजी शाळांत गेल्या. ज्या घरात कोणीच कार्यालयात नोकरी केलेली नाही तिथल्या पदवीधराला तर ओळखींची सुरुवातच करायची असते. त्याच्यासाठी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी, प्रकल्पाचे मार्गदर्शक आणि इंटर्नशिपमधले वरिष्ठ हीच पहिली माणसे. त्याचा निरोप अडखळता असला, इंग्रजी चुकलेले असले, तरी ज्यांची नोकरी स्थिर आहे त्यांनी त्याला दहा मिनिटे द्यावीत आणि कोणत्या कामासाठी कोणाला भेटायचे हे नावानिशी सांगावे.