उमलिंग ला यंदा नको

चि. मृण्मयी,



तू पाठवलेली दोन्ही मोटरसायकल टूरची माहितीपत्रकं वाचली. एक मनालीहून लेह, हानले, उमलिंग ला करून श्रीनगरला उतरणारी, बारा दिवसांची. दुसरी श्रीनगरहून निघून लेह, नुब्रा, पँगाँग करत लेहलाच संपणारी, नऊ दिवसांची. तुझा जीव कशात अडकलाय ते कळतंय, उमलिंग ला खिंडीचा फोटो दोनदा आलाय. तरी मी सांगेन, दुसरी घे. कारणं सविस्तर लिहितो, नाहीतर तू ताईकडे तक्रार घेऊन जाशील.

पुणे-पणजी एका दिवसात केलंस याचं कौतुकच आहे. पण त्यावरून तुझी बैठक पक्की आहे एवढंच कळतं. हायवेला ऐंशीच्या स्पीडला गाडी आपला तोल आपणच सांभाळते. लडाखमध्ये कस लागतो तो ताशी आठ-दहाच्या वेगात. टूरमध्ये सगळ्यांच्या मागे राहून पडलेल्यांना उचलण्याचं काम मी बरेच उन्हाळे केलंय, आणि पडणाऱ्यांत नवख्यांपेक्षा वेगात पटाईत असलेलेच जास्त भेटले. मनाली-लेह वाटेवर झिंगझिंगबारच्या पुढच्या एका नाल्यात सकाळी घोट्याएवढं पाणी असतं. दुपारी वरचा बर्फ वितळला की तेच गुडघ्याला लागतं, आणि तळाला नारळाएवढे गुळगुळीत गोटे. एक हुशार गडी तिथे मधोमध बावरला. नजर पुढच्या चाकाकडे गेली, क्लच पूर्ण दाबला, पाय खाली टाकला. चाक गोट्यावरून सटकलं आणि दोनशे किलोचं धूड त्याच्या पोटरीवर आडवं झालं. पहिला गिअर, क्लच अर्धा, थ्रॉटल एकसारखा आणि नजर पलीकडच्या काठावर, एवढं जमलं असतं तर तो पार होता. त्या गार पाण्यात उभं राहून हे कुणी शिकवू शकत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी स्वतःला तपास. वेल्ह्याकडच्या एखाद्या कच्च्या रस्त्यावर जा, दोन्ही बाजूंना सामान बांधून. फूटपेगवर उभी राहून खडीतून चालव. चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा सूट. अरुंद रस्त्यात पाय न टेकवता यू-टर्न मार. आणि गाडी मुद्दाम आडवी करून एकटीने उचलून बघ: गिअरमध्ये टाकायची, उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधी काढून ठेवायचा, गाडीकडे पाठ करून कंबर खाली न्यायची आणि पायांच्या जोरावर उठायचं. नवी हिमालयन १९६ किलोची, सीट ८२५ मिलिमीटरवर. तुझी उंची पाच फूट एक, तेव्हा बसकी सीट बसवून देतात का ते विचारच.

आता रस्त्यांचं. उंची आणि अवघडपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माहितीपत्रकं त्या हटकून एकत्र कालवतात. स्पितीच्या वाटेवरचा कुंझुम ला खार्दुंग लापेक्षा बराच ठेंगणा, पण ग्राम्फूपासून बातलपर्यंत नुसते धोंडे आणि ओढे. उलट उमलिंग लापर्यंत डांबर आहे. तिथे चालवणं कठीण नाही, तिथे असणं कठीण आहे. ५,७९८ मीटरवर हवा समुद्रकाठच्या जेमतेम निम्मी, इंजिनालाही धाप लागते, आणि डोकं धरलं तर लेह अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे. (खार्दुंग लाच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलंय. मोजणीत तो ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजारच भरतो. फोटोपुरती पाटी खरी मान.)

श्रीनगरकडून जा म्हणतो ते यासाठी. श्रीनगर १,६०० मीटरच्या आतबाहेर, कारगिलचा मुक्काम पावणेसत्तावीसशेला, मग ४,१०८ मीटरचा फोटू ला ओलांडून साडेतीन हजारांवरच्या लेहला उतरायचं. शरीराला सवडीने सवय होते. झोजी लाचा चिखल सोडला तर रस्ताही भला आहे. मनालीकडून आता अटल बोगद्यामुळे रोहतांग टळतो, पण बहुतेक टूर सरचूला तंबू टाकतात आणि सरचू जवळपास ४,३०० मीटरवर, लेहहूनही उंच. रात्रभर डोकं ठणकलेल्या माणसाने सकाळी गाटा लूप्सची एकवीस वळणं चढायची, हा कार्यक्रम मला कधीच पटला नाही.

'सोपी', 'मध्यम' या शिक्क्यांवर जाऊ नकोस, ते विकणाऱ्यानेच मारलेले असतात. त्याऐवजी प्रत्येक रात्र किती उंचीवर, दिवसाचे तास किती आणि डांबर नसलेला रस्ता किती, ते विचार. किलोमीटरवरून काही कळत नाही. लेहमध्ये एक दिवस पूर्ण विश्रांतीचा हवाच. आणखी एक, लेहबाहेरून भाड्याने आणलेली गाडी तिथल्या संघटना नुब्रा-पँगाँगला चालू देत नाहीत. मग ऐनवेळी दुसरी गाडी हातात येते, ब्रेक-क्लचची सवय नव्याने. हे कोण सांभाळणार ते आधीच ठरवून घे.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न मात्र हा: "एखाद्या दिवशी मला चालवायचं नसेल, तर बॅकअप गाडीत जागा आहे का, आणि माझी मोटरसायकल पुढे कोण आणेल?" चांगला टूरवाला लगेच उत्तर देतो, कारण त्याच्याकडे हे नेहमीचंच आहे. जो हसून "अहो, तशी वेळच येत नाही" म्हणतो, त्याला पैसे देऊ नकोस. टूर लीडच्या वेगाने चालते की सगळ्यात मागच्याच्या, हेही काढून घे. मागे पडल्याची लाज वाटून वेग वाढवणारा माणूस फार वेळा पडतो, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धर. नाल्यांना पाणी उतरलेलं असतं, रात्री थंडी वाजते ती सोसायची. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचं मनाने काही करू नकोस, आधी डॉक्टरांना विचार.

रविवारी गाडी घेऊन इकडे ये, सामान बांधूनच. वेल्ह्याला मी मागून येतो. मामी पिठलं-भाकरी करणार आहे, तेव्हा साडेसातच्या आत पोच.

तुझा,
मामा